बुद्धिबळ ९६०: हुर्ड्याच्या स्पर्धेत अर्ध्या फेऱ्या घ्याव्यात का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी,

परभणीत आमचं रविवारचं बुद्धिबळाचं छोटं टोळकं आहे. ना नोंदणी, ना फी. शाळेच्या व्हरांड्यात चटया टाकायच्या आणि ऊन अंगावर येईपर्यंत खेळायचं. तिसरीतल्या पोरापासून निवृत्त तलाठ्यापर्यंत सगळे असतात. यंदा हुर्ड्याच्या दिवसांत मानवत रोडकडं एका सदस्याच्या शेतात दिवसभराची स्पर्धा घ्यायचं ठरलंय. त्यात अर्ध्या फेऱ्या ९६० च्या घेऊ, असं मी सुचवलं आणि ग्रुपवर दोन तट पडले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्यादी नेहमीच्या जागी. मागच्या ओळीतले आठ मोहरे मात्र डावागणिक नशिबानं ठरतील तसे बसतात. अटी दोनच: दोन्ही उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मधे कुठंतरी हवा. पांढऱ्याची जी रचना, तीच समोर काळ्याची. अशा एकूण ९६० रचना होतात, म्हणून हे नाव. माजी विश्वविजेता बॉबी फिशरनं १९ जून १९९६ ला ब्युनॉस आयर्समध्ये हा खेळ जाहीर केला. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींची, पाठांतरं निकामी व्हावीत हा त्याचा हेतू.

क्लासला जाणाऱ्या मुलांचे पालक म्हणतात, याचं रेटिंग धरत नाहीत, मग पोरांचा वेळ कामून घालवायचा? आमचे जुने खेळाडू म्हणतात, राजाला कोपऱ्यात बसवून कुठं खेळतेत व्हय?

तर विचारायचं होतं की लहान-मोठ्यांच्या एकत्र स्पर्धेत कुणी ९६० घेतलंय का? आणि शेतात रेंज नसते, तर मोबाईलशिवाय रचना कशी काढायची?

तिरपा उंट

पहिल्याच चालीपासून विचार करावा लागतो. म्हणून मी खेळत नाही.

अडीच घर

जुन्या खेळाडूंना निरोप द्या, ९६० मध्ये राजा कोपऱ्यात येऊच शकत नाही. दोन्ही बाजूंना एकेक हत्ती लागतो. वजीर मात्र कोपऱ्यात बसू शकतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं असेल तर घ्या म्हणावं.

मोंढ्यातला

आडत बंद झाली की रात्री मी लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर हेच खेळतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत.

नेहमीच्या बुद्धिबळात माझं दुखणं असं, की समोरचं पोरगं बाराव्या चालीपर्यंत घड्याळाकडं न बघता खटाखट चाली टाकतं आणि मी तोवर निम्मा वेळ खाऊन बसलेलो. ९६० मध्ये त्याला पण पहिल्याच चालीला डोकं खाजवावं लागतं. लई समाधान वाटतं बघा.

परवाची एक रचना लिहून ठेवलीय, पट मांडून बघा. पांढऱ्याच्या डावीकडून: घोडा, हत्ती, उंट, उंट, राजा, वजीर, घोडा, हत्ती. आता ए-२ वरच्या, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या, प्याद्याकडं बघा (उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून १ ते ८). त्याला कुणाचाच जोर नाही. नेहमीच्या मांडणीत आठही प्याद्यांच्या पाठीशी कुणी ना कुणी असतंच, त्यामुळे हे बघायची सवयच नसते आपल्याला. समोर काळ्याचं ए-७ पण तसंच उघडं.

मी एफ-४ केलं, त्यानं एफ-५. मी वजीर एफ-२ वर आणला, रोख थेट ए-७ वर. त्यानं काय करावं? माझीच नक्कल करून वजीर एफ-७ वर आणला. मग मी ए-७ खाल्लं, त्यानं ए-२ खाल्लं. मी बी-८ चा हत्ती उचलला, त्यानं बी-१ चा. दोन्ही वजीर एकमेकांच्या स्वयंपाकघरात घुसून भांडी फोडत बसले आणि राजे आपले मधोमध जागचे हलले नाहीत. चौथ्या चालीला एवढा धुमाकूळ मी एवढ्या वर्षांत बघितला नव्हता.

बिंदुसरा

@मोंढ्यातला, त्यानं दुसऱ्या चालीला नुसतं बी-६ केलं असतं की विषय मिटला होता. तिरपी वाट बंद, आणि त्या प्याद्याला ए-७, सी-७ आणि ए-८ चा घोडा अशा तिघांचा जोर.

मोंढ्यातला

हे तुम्हाला चहा पिता पिता दिसलं सर. त्याचं घड्याळ पळूलालतं.

बिंदुसरा

:) बरोबर आहे. मी बीडला मुलांना शिकवतो, तेव्हा धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

पालकांचं रेटिंगबद्दलचं म्हणणं खरं आहे. ९६० चे डाव फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नेहमीच्या रेटिंगला धरत नाहीत, जरी त्याचे नियम फिडेच्या नियमपुस्तकाच्या शेवटी मार्गदर्शक सूचनांत आहेत. पण शेतातल्या स्पर्धेचं तसंही कुठलं रेटिंग मिळणार आहे? पालकांना भीती वेगळीच असते. क्लासची फी भरून पोरानं सिसिलियन ओपनिंग पाठ केलंय आणि ते वापरायची संधीच मिळाली नाही तर?

माझा अनुभव असा, की अगदी नवख्या मुलांना फरकच पडत नाही. त्यांना ओपनिंग येतच नसतं, त्यामुळे काही सुटल्याचं दुःखही नसतं. वरच्या पातळीची मुलं पण सावरतात. अडचण मधल्यांची. ज्यांच्या पहिल्या आठ चाली पाठ आहेत आणि नवव्या चालीचं कारण माहीत नाही, ती मुलं ९६० च्या पटासमोर पहिल्या चालीलाच माझ्या तोंडाकडं बघतात. घोडा बी-१ वर नसला तर त्याला सी-३ ला कसं नेऊ, असं एकीनं खरंच विचारलं होतं. तिला घोड्याची चाल पाठ होती, पण घोड्याला मधल्या घरांकडं का न्यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. अशा मुलांसाठी मी महिन्यातून एखादा तास हे खेळवतो. त्याहून जास्त नाही.

पॅटर्नग्रस्त

मी लातूरची, आणि नावावरून कळलंच असेल, लातूर पॅटर्नमधून तावून सुलाखून निघालेली. त्यामुळे पाठांतराला नावं ठेवली की माझं रक्त उसळतं.

धाग्याचा सूर असा दिसतोय की ओपनिंग पाठ करणारा तो पोपट आणि ९६० वाला तो खरा बुद्धिमान. थांबा जरा. रेणापूर, औसा, अहमदपूरकडच्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पोरांबरोबर मेडिकलच्या यादीत आणून बसवलं ते कशानं? सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, तोच धडा दहादा. घोकंपट्टी म्हणून हिणवलं सगळ्यांनी. पण ज्याच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, मामा डॉक्टर नाही, त्याच्या हातात पाठांतर एवढं एकच हत्यार असतं.

बुद्धिबळातही तेच. चेन्नईच्या पोराला दर शनिवारी ग्रँडमास्टर समोर बसवायला मिळतो. आमच्या पोराकडं काय आहे? मोबाईल, आणि रात्री जागून पाठ केलेल्या वीस चाली. त्या वीस चालींनी तो निदान एकविसाव्या चालीपर्यंत बरोबरीत पोचतो. ९६० आणलं की तेवढंही गेलं. आता पहिल्या चालीपासून ज्याची समज पक्की तोच पुढे, आणि समज कुणाची पक्की? ज्याला चांगला गुरू परवडतो त्याची. हा समतेचा खेळ वगैरे अजिबात नाही.

हुर्डापार्टी

ताई, दंडवत. (पण एकविसाव्या चालीनंतर तो हरतोच की.)

पॅटर्नग्रस्त

हरतो, पण इज्जतीत हरतो.

तेरणेचा पूर

@पॅटर्नग्रस्त यांच्या मुद्द्यात दम आहे. वरच्या पातळीवर बघा ना. ९६० आलं म्हणून कुणी अनोळखी पुढे आलं असं झालेलं नाही. २०१९ ची फिडेची पहिली जागतिक स्पर्धा नॉर्वेत झाली. तिथं वेस्ली सो यानं तेव्हाचा विश्वविजेता कार्लसनला त्याच्याच देशात १३.५–२.५ असं धुतलं. २०२२ ला रेक्याविकमध्ये नाकामुरा जिंकला, नेपोम्नियाचीला हरवून. म्हणजे घराण्यातलेच सगळे.

आपल्या पोरांचं उलटसुलट. गुकेश विश्वविजेता झाल्यावर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ ला, जर्मनीत वायसेनहाउसला फ्रीस्टाइल (९६० चंच दुसरं नाव) खेळायला गेला आणि एकही डाव न जिंकता परतला. त्याच वर्षी जुलैत लास व्हेगासला प्रज्ञानंदनं कार्लसनला ३९ चालींत पाडलं आणि अर्जुन एरिगैसी उपांत्य फेरीत पोचला. आता यातून काय निष्कर्ष काढायचा? मला विचाराल तर गुकेशची ताकद खोल तयारीत आहे, ती तिथं वापरता आली नाही. याला कुणी उणेपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. तयारी करणं हे पण बुद्धिबळच.

अडीच घर

फिशरचा तरी राग कशावर होता? तयारीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९७२ ला रेक्याविकला तेव्हाच्या विश्वविजेत्या स्पास्कीला हरवलं ते काय तयारीशिवाय? स्वतः पुस्तकं कोळून प्यायचं आणि नंतर म्हणायचं पुस्तकं जाळा.

कयाधूकर

जरा अवांतर. वसमतला आमच्या आजोबांचा डाव पारावर चालायचा, देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, पण शह बसायच्या आत राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा होणार, उगाच वजीर मागायचा नाही. आणि प्याद्यानं मात केली तर त्याचा मान वेगळा, हरलेल्यानं चहा पाजायचा.

सांगायचा मुद्दा, मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला. १९२९ ला लंडनला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं, मग १९३२ आणि १९३३ ला परत. हेस्टिंग्जला माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. युरोपी ओपनिंगचं ज्ञान म्हणाल तर तुटपुंजं, त्याचे डाव सुरुवातीला अवघडलेले दिसतात आणि मग मध्यावर तो एकेकाला पिळत नेतो. फिडेनं मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, तो जाऊन कैक वर्षं झाल्यावर. तो ९६० खेळला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

पॅटर्नग्रस्त

सुलतान खान एक झाला. लातूर पॅटर्नमधून दरवर्षी शेकडो निघतात.

कयाधूकर

तुमच्याशी वाद घालणं म्हणजे… जाऊ द्या. आजोबा असते तर त्यांनी तुम्हाला प्यादेमात द्यायचा प्रयत्न तरी केला असता.

गणितमास्तर

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं कुणीच वळेना, म्हणून मी. मोबाईलची गरज नाही, सापशिडीचा एक फासा पुरे.

१. काळ्या घरांतला उंट: मागच्या ओळीत काळी घरं चार. फासा टाका, डावीकडून तितक्या क्रमांकाच्या काळ्या घरात उंट. पाच किंवा सहा पडले तर परत टाका.
२. पांढऱ्या घरांतला उंट: तसंच.
३. वजीर: आता सहा घरं रिकामी. जो आकडा पडेल तितक्यावं रिकामं घर वजिराचं.
४. पहिला घोडा: पाच रिकाम्या घरांपैकी. सहा पडला तर परत.
५. दुसरा घोडा: चार रिकाम्या घरांपैकी. पाच-सहा पडले तर परत.
६. उरलेल्या तीन घरांत डावीकडून हत्ती, राजा, हत्ती. इथं फासा लागत नाही.

९६० कुठून आले तेही यातच आहे. उंटांचे ४ × ४ = १६, वजिराचे ६, दोन घोड्यांच्या जोड्या १०. गुणाकार करा. एकही अट न ठेवता आठ मोहरे मांडले तर ५०४० प्रकार होतात. उंटांच्या अटीनं त्यातले २८८० उरतात. हत्ती-हत्ती-राजा या तिघांत राजा मधलाच हवा म्हटल्यावर त्याचा तिसरा हिस्सा, ९६०.

हुर्डापार्टी

सर, आम्ही पिशवीतून न बघता मोहरे काढतो आणि ओळीनं मांडतो. नियमात नाही बसलं तर परत पिशवी. चालतंय का?

गणितमास्तर

सगळे मोहरे परत पिशवीत टाकत असाल तर बिनचूक. पण ५०४० ला ९६० नं भागा. एक बरोबर रचना मिळायला सरासरी सव्वापाच वेळा पिशवी हलवावी लागेल. तोवर हुर्डा निवतो.

तिरपा उंट

आणि फाशातून आपली नेहमीचीच मांडणी निघाली तर?

गणितमास्तर

निघू शकते. ० ते ९५९ अशा क्रमांकांत तिचा नंबर ५१८.

अडीच घर

ती निघाली तर सगळ्यात जास्त गोंधळ त्याच फेरीत होणार. प्रत्येक जण म्हणणार, यात काहीतरी चुकलंय.

बिंदुसरा

खरा गोंधळ कॅसलिंगला होतो, स्पर्धेत भांडणं त्यावरूनच होतील. त्यामुळे आधीच समजावून सांगा. सुरुवातीला राजा-हत्ती कुठंही असोत, कॅसलिंग झाल्यावर ते नेहमीच्याच घरांत दिसले पाहिजेत. एका बाजूला राजा जी-१, हत्ती एफ-१. दुसऱ्या बाजूला राजा सी-१, हत्ती डी-१. राजा आणि तो हत्ती त्याआधी हललेले नकोत, दोघांच्या वाटेत आणि पोचायच्या घरात तिसरं कुणी नको, राजाला शह नको आणि त्याच्या वाटेतल्या घरांवर शत्रूचा मारा नको.

यातून गमतीचे प्रकार होतात. राजा मुळातच जी-१ वर असेल आणि हत्ती एच-१ वर, तर त्या बाजूच्या कॅसलिंगमध्ये राजा जागचा हलत नाही, हत्ती त्याच्यावरून उडी मारून एफ-१ ला बसतो. लहान मुलं हे बघून खूश होतात, मोठी माणसं हरकत घेतात.

पटावर करताना आधी तोंडानं 'कॅसलिंग करतोय' म्हणायचं. मग राजा उचलून पटाबाहेर, त्याच्या नव्या घराशेजारी ठेवायचा, हत्ती हलवायचा, मग राजा आत. नाहीतर हाताला लागलेला मोहरा चालवा म्हणून समोरचा अडून बसतो. मोबाईलवर राजा उचलून आपल्याच हत्तीवर ठेवायचा, पहिल्यांदा करताना जिवावर येतं.

गोदातीरीची आई

इथं सगळे खेळाडूच बोलतायत, मी पालक म्हणून लिहिते. आम्ही नांदेडला. मुलगी सहावीत, क्लासला जाते. क्लासचं नाव घेत नाही, पण तिथं दर आठवड्याला ओपनिंगची तोंडी परीक्षा असते आणि चुकलं की सगळ्यांसमोर बोलणी. स्पर्धेला जायच्या आदल्या रात्री हिचं पोट दुखायचं. पोरगी हरायला घाबरत नव्हती, चाल विसरायला घाबरत होती.

तिच्या मामानं तिला ९६० दाखवलं. पहिल्या दिवशी सपाटून हरली आणि जेवताना सांगत काय होती, तर 'आई, आज मामालाच काही आठवत नव्हतं.' पोट दुखणं त्या दिवसापासून बंद झालं असं काही मी म्हणणार नाही, स्पर्धा असली की अजूनही कुरकुर असतेच. पण आता पट समोर आला की ती आधी कुठल्या प्याद्याला जोर नाही ते शोधते. हे तिचं तिनंच चालू केलं. नेहमीच्या डावातही करते. क्लासमधले सर म्हणतात वेळ वाया घालवते.

पॅटर्नग्रस्त ताई, मीही शिक्षिका आहे, पाठांतराची किंमत मला कळते. पण पाठ केलेलं विसरलं तर पुढं काय, हे पण कुणीतरी शिकवलं पाहिजे की नाही?

पॅटर्नग्रस्त

पटलं. पोट दुखायचं ते मलाही आठवतंय, बारावीचं अख्खं वर्ष. तरी माझं मत बदललेलं नाही. फक्त आवाज थोडा खाली आणते.

मोंढ्यातला

अजून एक. रात्री उशिरा मी हारलेला डाव परत बघतो. तिसाव्या चालीच्या पुढं गेलं की डाव कुठल्या मांडणीतून सुरू झाला ते ओळखायला येत नाही. हत्ती-प्याद्यांचं ते सगळीकडं सारखंच. तेव्हा पालकांना सांगा, शेवट काही बदलत नाही, पोरं बिघडणार नाहीत.

तेरणेचा पूर

प्रत्येक चालीला थोडे सेकंद वाढवणारी घड्याळं आहेत का तुमच्याकडं? ९६० मध्ये सुरुवातीलाच वेळ जातो, साध्या घड्याळावर शेवटी नुसती हाणामारी होते. त्या घड्याळाचं पेटंट पण फिशरचंच, १९८९ चं. दोन्ही त्याचंच वापरा, जोडीनं बरं चालतं.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: सकाळच्या चार फेऱ्या नेहमीच्या, म्हणजे क्लासवाल्यांची तयारी वापरली जाईल. जेवणानंतर तीन फेऱ्या ९६० च्या. बक्षिसं दोन्हींची वेगळी. प्रत्येक फेरीला सगळ्या पटांवर एकच रचना, आणि ती मांडून झाल्यावर दहा मिनिटं नुसतं बघायला. बिंदुसरा सरांचे कॅसलिंगचे नियम मोठ्या अक्षरांत लिहून आंब्याच्या झाडाला लावणार. तलाठी काका म्हणाले, राजा कोपऱ्यात येत नसेल तर माझी हरकत नाही.

घड्याळं सहाच आहेत. बाकीच्या पटांवर पंच म्हणून मी ओरडणार.

हुर्डापार्टी

हुर्डा कुठल्या ज्वारीचा? चटणी कुणाकडून? मूळ प्रश्न हे आहेत.

दुधनाकाठ

गुळभेंडी. शेंगदाण्याची चटणी आणि दही शेतमालकाच्या घरून. आणि सर, फासा मिळाला, घरच्या सापशिडीतला.

गणितमास्तर

सहाही बाजू शाबूत आहेत ना?

दुधनाकाठ

एक कोपरा कुत्र्यानं चावलाय. सहा जरा जास्तच पडतात.

गणितमास्तर

मी माझा घेऊन येतो.